कोकणातील चाऱ्याच्या गवतासाठी नत्राचे जिवाणू: तयारी, कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

जिवाणू खताचे पाकीट आणले, नेपियर या चाऱ्याच्या गवताचे बेणे त्यात बुडवले, लावणीही वेळेवर केली, तरी गवत पिवळेच राहिले, अशी तक्रार रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत गाई-म्हशी पाळणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा दोष पाकिटाचा नसून कामांच्या क्रमाचा असतो. पाणी साचणाऱ्या, आम्ल आणि सेंद्रिय खत न मिळालेल्या जमिनीत बाहेरून आणलेले जिवाणू टिकत नाहीत, आणि तेथे आधीच असलेले जिवाणू गवताला नत्र देण्याऐवजी तो हवेत घालवतात. म्हणून आधी निचरा, मग चुना, त्यानंतर कुजलेले शेणखत, मग जिवाणू संवर्धक (म्हणजेच पाकिटातले जिवाणू खत) आणि सर्वांत शेवटी थोडा थोडा युरिया, या क्रमाने काम करावे. पुढील सर्व मात्रा एका गुंठ्यासाठी, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटरसाठी आहेत.

मातीत नेमके काय चालते

नत्राशी संबंध असलेले जिवाणू एकाच प्रकारचे नसतात आणि ते सगळे गवताच्या हिताचे काम करतात असेही नाही. एक मोठा गट शेणखत, पालापाचोळा आणि मेलेली मुळे कुजवून त्यांतील नत्राचे अमोनियम करतो. दुसरा गट, ज्यात नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर येतात, हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने त्या अमोनियमचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवतो. तिसरा गट चिंब, हवा नसलेल्या मातीत कामाला लागतो. तो नायट्रेटमधील प्राणवायू वापरून घेतो आणि नत्र वायुरूपाने निघून जातो. चौथा गट हवेतील नत्र स्थिर करतो, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात आणतो. गवताच्या मुळांभोवती राहणारे अ‍ॅझोस्पिरिलम आणि आम्ल जमिनीतही तग धरणारे बायजेरिंकिया हे या चौथ्या गटातले.

कोकणात यांपैकी दुसरा आणि तिसरा गट शेतकऱ्याचे सर्वाधिक नुकसान करतात. अमोनियमवर धन विद्युतभार असल्यामुळे ते मातीच्या कणांना धरून राहते; नायट्रेटवर ऋण भार असल्यामुळे ते पाण्याबरोबर खाली उतरते. जांभ्यापासून झालेल्या मातीची पोषणद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद मुळातच कमी असते, आणि किनारपट्टीच्या बऱ्याच भागात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उन्हाळ्यात तापलेल्या मातीवर पहिला पाऊस पडला की जिवाणूंची हालचाल एकदम वाढते आणि थोड्याच दिवसांत बरेच नायट्रेट तयार होते. त्या वेळी ते उचलायला जिवंत मुळे नसतील तर जूनअखेरीस ते मुळांच्या आवाक्याबाहेर गेलेले असते. त्याहून वाईट स्थिती पुढे येते. उघडीप आणि संततधार यांचा खेळ सुरू झाला की उघडिपीत नायट्रेट बनते आणि संततधारेत ते वायू होऊन उडते. सतत ओली किंवा सतत वाफशावर (ओलसर पण हवा खेळती) असलेली जमीन यापेक्षा कमी नत्र गमावते.

गवताच्या मुळांशी राहणारे जिवाणू चवळीच्या गाठींतील रायझोबियमइतका नत्र देऊ शकत नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. हवेतील नत्र फोडण्यासाठी फार ऊर्जा लागते. गाठींमध्ये ती झाडाकडून थेट मिळते, तर मुळांभोवती जे थोडे शर्करायुक्त द्रव पाझरते त्यावरच अ‍ॅझोस्पिरिलमला भागवावे लागते. त्याचा दुसरा उपयोग मात्र मोलाचा आहे: ते वाढ-संप्रेरके तयार करते, त्यामुळे मुळांना अधिक फाटे आणि तंतुमुळे फुटतात, आणि गवत मातीतील उपलब्ध नत्र वाहून जाण्याआधी उचलू लागते. कोकणातील पावसात हाच फायदा मोठा आहे असे माझे मत आहे. संवर्धक वापरल्यानंतर पहिल्या वर्षी युरियात पाव हिश्श्याहून अधिक कपात करू नये.

टप्पा १: मातीचा नमुना आणि पाण्याचा खड्डा

मातीचा नमुना पाऊस संपल्यावर, साधारण डिसेंबर ते मार्च या काळात घ्यावा, म्हणजे चुन्याचे नियोजन मे महिन्यापूर्वी होते. एका तुकड्यात नागमोडी चालत आठ ते दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा घेऊन त्याच्या एका बाजूची माती खरवडून घ्यावी, सर्व माती एकत्र करून सावलीत वाळवावी आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवावी. बांधाजवळची, शेणखताच्या खड्ड्याशेजारची, आंब्याच्या बुंध्याखालची आणि राब भाजलेल्या (रोपवाटिकेसाठी पालापाचोळा जाळलेल्या) जागेची माती नमुन्यात घेऊ नये. राबाच्या राखेमुळे मातीचा सामू (पीएच; जितका कमी तितकी माती आम्ल) तात्पुरता वाढलेला दिसतो आणि अहवाल फसवा येतो.

सामू, सेंद्रिय कर्ब (कार्बन) आणि चुन्याची गरज या तीन गोष्टी अहवालात मागून घ्याव्यात. जिल्ह्याच्या मृद परीक्षण प्रयोगशाळेत, कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे याची चौकशी करता येते. खाडीकाठच्या खार जमिनीसाठी विद्युत वाहकताही पाहावी. क्षार धुऊन निघाल्याशिवाय तेथे जिवाणूंवर केलेला खर्च वाया जातो.

दुसरी परीक्षा घरच्या घरी होते. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, पाणी जिरू द्यावे आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही शिल्लक असेल तर ती जागा निचऱ्याशिवाय नेपियरसाठी वापरू नये.

टप्पा २: पाणी बाहेर काढणे

हा टप्पा सर्वांत जास्त टाळला जातो, कारण त्यात घाम गाळावा लागतो आणि विकत आणण्यासारखे काही नसते. साचलेल्या पाण्यात मुळांना आणि नत्र देणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, आणि नत्र उडवणाऱ्यांना हवी तशी परिस्थिती मिळते. उताराच्या वरकस जमिनीत वरच्या अंगाला आडवा चर खणून डोंगराचे पाणी बाजूला वळवावे. सपाट जागेत ९० सेंटीमीटर अंतरावर सऱ्या-वरंबे काढून लावणी वरंब्यावर करावी आणि सऱ्यांचे तोंड एकाच चरात उघडावे. कातळावरच्या जमिनीत मातीचा थर पातळ असतो; खाली कातळ लागला की पाणी खाली न जाता तिथेच थांबते, म्हणून तेथे वरंब्याची उंची वाढवून माती जाड करावी.

भाताच्या खाचरात पाणी काढणे शक्यच नसेल तर पिकाची निवड बदलावी. पॅरा गवत पाणथळ जागा सहन करते. संकरित नेपियर आणि गिनी गवत सहन करत नाहीत. पाणथळ खाचरातील पॅरा गवताला नत्र द्यायचा असेल तर भातासाठी कोकणात वापरल्या जाणाऱ्या युरिया-डीएपी ब्रिकेट (दाबून बनवलेल्या खताच्या गोळ्या) बोटभर खोल चिखलात खोचणे हा चांगला मार्ग आहे, कारण खाली हवा नसल्याने नत्र अमोनियमच्या रूपातच टिकतो.

*तपासणी:* वळवाच्या जोरदार सरीनंतर दोन तासांनी शेतात जावे. वरंब्याच्या माथ्यावर कोठेही पाणी दिसता कामा नये.

टप्पा ३: चुना, योग्य प्रकारचा आणि योग्य वेळी

कोकणातील जांभ्याच्या मातीचा सामू बहुधा ५ ते ६ च्या दरम्यान, कधी त्याहूनही खाली असतो. गवत स्वतः इतकी आम्लता बऱ्यापैकी सोसते. म्हणून अनेकजण चुन्याची गरजच नाही असे मानतात. अडचण जिवाणूंची आहे. नत्र स्थिर करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) मॉलिब्डेनम हे सूक्ष्मद्रव्य लागते आणि आम्ल, लोहयुक्त मातीत ते अडकून पडते. शिवाय विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम मुळांची टोके आखूड करते, आणि स्फुरद (फॉस्फरस) लोहाशी व अ‍ॅल्युमिनियमशी बांधला जातो. सामू ६ च्या आसपास आणला की या तिन्ही अडचणी सौम्य होतात.

चुनखडीची बारीक पूड सर्वांत सुरक्षित. कळीचा (भाजलेला) चुना तिच्यापेक्षा पावणेदोन पट तीव्र असतो आणि विरी गेलेला (पाण्याने फुललेला) चुना सुमारे एक-तृतीयांशाने अधिक तीव्र, म्हणून त्यांची मात्रा त्या हिशेबाने कमी करावी. किनाऱ्यावर मिळणारा शिंपल्यांचा चुना भाजलेला आहे की नुसती पूड आहे, हे विचारूनच घ्यावा. मात्रा अहवालाप्रमाणे ठरवावी. अहवालात सामू ५.५ च्या खाली असून चुन्याची गरज दिलेली नसेल, तर सुरुवातीला लावणीच्या ओळीत गुंठ्याला ३ ते ५ किलो चुनखडीची पूड पुरेशी धरावी आणि पुढील वर्षी सामू पुन्हा पाहावा.

कोरड्या मातीत चुना काहीच करत नाही. मे महिन्यात वळवाच्या पहिल्या सरीनंतर, किंवा पाणी शिंपून, तो वरच्या १५ सेंटीमीटर थरात कुदळीने चांगला मिसळावा आणि लावणीपर्यंत तीन ते चार आठवडे जाऊ द्यावेत.

*इशारा:* चुना आणि शेणखत, चुना आणि युरिया किंवा चुना आणि अमोनियम सल्फेट कधीही एकत्र टाकू नये. अमोनियाचा वास आला की नत्र आपल्या डोळ्यांदेखत उडून चालला आहे असे समजावे. चुना आणि जिवाणू संवर्धकही एकत्र करू नये. रॉक फॉस्फेटला विरघळण्यासाठी आम्लताच लागते, म्हणून चुना दिलेल्या वर्षी स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट वापरावे.

सामू ६.५ च्या पुढे नेण्याचा मोह टाळावा. चुन्याने नायट्रेट बनवणारे जिवाणूही वेगवान होतात. जोराच्या पावसात त्याचा अर्थ अधिक नत्र वाहून जाणे असा होतो.

टप्पा ४: शेणखत खरोखर कुजले आहे का

गुंठ्याला २०० ते २५० किलो शेणखत चुन्यानंतर निदान दोन आठवड्यांनी द्यावे. प्रश्न प्रमाणाचा कमी आणि कुजण्याचा जास्त आहे. भाताचा पेंढा, आंबा-काजूचा पाला, काथ्याचा भुसा यांत कर्ब फार आणि नत्र फार थोडा असतो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात कर्ब-नत्र गुणोत्तर २० ते २५ च्या आत असते, तर काथ्याच्या भुशात ते १०० च्या वर जाते. असा माल अर्धवट कुजलेला मातीत गेला की तो कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतील नत्र ओढून घेतात आणि गवत कित्येक आठवडे उपाशी राहते. लावणीनंतरचा पिवळेपणा पुष्कळदा याच कारणाने येतो आणि दोष जिवाणू खताला दिला जातो.

*तपासणी:* मूठभर ओले खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस सावलीत ठेवावे. उघडल्यावर ओल्या मातीचा वास आला तर खत तयार आहे. आंबूस किंवा डोळ्यांना झोंबणारा वास आला तर ते अजून कुजू द्यावे.

शेणखताचा खड्डा पावसात उघडा ठेवणे ही कोकणातील मोठी आणि सहज टाळता येणारी हानी आहे. त्यावर झापांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर असावे. उन्हाळ्यात रानाला वणवा लावण्याची किंवा बांधावरचे गवत जाळण्याची सवयही सोडावी. आगीत नत्र जातो, आणि वरच्या पातळ थरातील जिवाणू, जे आपण पुढे पैसे देऊन विकत आणतो, ते तेथेच मरतात.

टप्पा ५: संवर्धकाची निवड आणि बेण्याची प्रक्रिया

गवतासाठी अ‍ॅझोस्पिरिलम मागावे. रायझोबियम गवताच्या मुळांवर गाठी करत नाही. ते चवळी, स्टायलो यांसारख्या द्विदल चाऱ्यासाठी आहे, आणि तेही त्या पिकाच्या गटाला लागू पडणारेच हवे. अ‍ॅझोटोबॅक्टरला आम्ल माती मानवत नाही. सामू ६ च्या खाली त्याच्यावर खर्च करू नये. स्फुरद विरघळवणारे जिवाणू सोबत देण्यास हरकत नाही, मात्र ते नत्र देत नाहीत.

पाकिटावर जिवाणूचे नाव, उत्पादनाची आणि वापराची अंतिम तारीख पाहावी. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीरूप संवर्धकात प्रति ग्रॅम किमान ५ कोटी आणि द्रवरूपात प्रति मिलिलिटर किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. दुकानात ते उन्हात किंवा पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले दिसले तर घेऊ नये. घरी माठाजवळच्या थंड जागेत ठेवावे.

फुले जयवंत, डीएचएन-६, सीओ-४ अशा संकरित नेपियरसाठी तीन महिने वयाच्या ताटाच्या मधल्या भागाची दोन-तीन डोळ्यांची कांडी घ्यावी. ९० बाय ६० सेंटीमीटर अंतराने गुंठ्याला सुमारे १९० कांड्या लागतात. १०० ग्रॅम भुकटी ४ लिटर विहिरीच्या पाण्यात कालवून त्यात कांड्यांचे खालचे टोक २० ते ३० मिनिटे बुडवावे. ४ लिटरमध्ये एका वेळी बसतील तेवढ्याच कांड्या घेऊन काम टप्प्याटप्प्याने करावे. द्रवरूप संवर्धक असेल तर बाटलीवरचे प्रमाण पाळावे. क्लोरीन टाकलेले नळाचे पाणी वापरू नये. गिनी गवताच्या ठोंबांची मुळे याच मिश्रणात बुडवता येतात. दीनानाथ गवताच्या बियाण्याला गुळाच्या थंड पाण्यात कालवलेले संवर्धक हलक्या हाताने चोळून सावलीत सुकवावे. आणखी ५० ग्रॅम भुकटी ३ ते ५ किलो चाळलेल्या शेणखतात मिसळून लावणीच्या ओळीत द्यावी.

*इशारा:* बेण्याला बुरशीनाशक लावणे आवश्यकच असेल तर ते आधी लावून बेणे सुकवावे आणि संवर्धक सर्वांत शेवटी द्यावे. दोन्ही एकाच बादलीत घालणे म्हणजे विकत आणलेले जिवाणू स्वतःच्या हाताने मारणे आहे.

टप्पा ६: लावणी

पावसाने जमीन नीट भिजल्यावर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ढगाळ वेळी किंवा संध्याकाळी लावणी करावी. प्रक्रिया केलेले बेणे त्याच दिवशी मातीत जावे. एक डोळा जमिनीत आणि एक वर राहील अशी कांडी तिरकी खोचून माती पायाने दाबावी. मधल्या जागेत पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, पण ते मातीत मिसळू नये. वर राहिले तर ते मातीतील नत्र विशेष ओढत नाही.

टप्पा ७: युरिया केव्हा, किती, कसा

मातीत भरपूर युरिया असेल तर नत्र स्थिर करणारे जिवाणू ते कष्टाचे काम थांबवतात. म्हणून लावणीच्या वेळी युरिया देऊ नये. नवे फुटवे वीतभर झाल्यावर, साधारण तीन आठवड्यांनी, पहिला हप्ता द्यावा.

युरिया मातीत पडला की युरिएज या विकरामुळे काही दिवसांतच त्याचे अमोनियम होते. वर उघडा राहिला तर अमोनिया उडतो. लगेच मुसळधार पाऊस आला तर अजून रूपांतर न झालेला युरिया पाण्याबरोबर जसाच्या तसा वाहून जातो. म्हणून पावसाची उघडीप, ओलसर पण पाणी न साचलेली माती आणि टाकल्याबरोबर मातीने झाकणे, या तीन अटी एकत्र जुळल्या तरच युरिया द्यावा. प्रत्येक कापणीनंतर गुंठ्याला ५०० ते ६०० ग्रॅम युरिया, म्हणजे हेक्टरी साधारण २५ किलो नत्र, हे मध्यम प्रमाण आहे; पावसाळ्यात त्याचे दोन भाग करून दहा-बारा दिवसांच्या अंतराने द्यावेत. कापणीनंतर लगेच नव्हे, तर नवे कोंब दिसू लागल्यावर, तीन ते पाच दिवसांनी पहिला भाग द्यावा.

२०१५ पासून आपल्याकडे अनुदानित युरिया मुख्यतः निंबोळी आवरणाचा मिळतो. निंबोळीतील घटक नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंना काही काळ मंद ठेवतात, ही कोकणासाठी फार उपयोगी गोष्ट आहे. पण उघड्यावर टाकलेल्या युरियातून अमोनिया उडणे त्याने थांबत नाही. ब्रॅकियारिया ह्युमिडिकोला या गवताच्या मुळांतूनही नायट्रेट-जिवाणूंना रोखणारे द्रव्य स्रवते, हे सिद्ध झालेले आहे. अमोनियम सल्फेट मात्र आम्ल जमिनीत टाळावे, कारण नत्राच्या प्रत्येक किलोमागे ते युरियाच्या जवळजवळ तिप्पट आम्लता निर्माण करते आणि टप्पा ३ मधील श्रम हळूहळू पुसून टाकते.

टप्पा ८: कापणी आणि जनावरांची सुरक्षितता

पहिली कापणी लावणीनंतर आठ ते दहा आठवड्यांनी, पुढील सहा ते आठ आठवड्यांनी करावी. जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटर वर कापावे. अगदी बुडातून कापल्यास मुळांकडे जाणारे अन्न तुटते आणि मुळांभोवतीच्या जिवाणूंचीही उपासमार होते.

*इशारा:* युरिया दिल्यावर तीन आठवड्यांच्या आत गवत कापून जनावरांना घालू नये. जास्त नत्र, ढगाळ हवा किंवा पाण्याचा ताण अशा वेळी गवतात, विशेषतः ताटाच्या खालच्या भागात, नायट्रेट साठते. जनावराच्या कोठीपोटात त्याचे नायट्राइट होते, रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि जनावर अचानक दगावू शकते. धाप, थरथर, निळसर हिरड्या किंवा तपकिरी रक्त दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता पशुवैद्यकांना बोलवावे. शंकास्पद गवत कोरड्या पेंढ्यात मिसळून थोडे थोडे घालावे आणि उपाशी जनावरापुढे ते एकदम टाकू नये.

फरक मोजण्याची पद्धत

एकाच तुकड्यात चार पट्टे सोडावेत: एकात काहीच नाही, दुसऱ्यात फक्त संवर्धक, तिसऱ्यात फक्त युरिया, चौथ्यात संवर्धक आणि पाव हिस्सा कमी युरिया. चुना आणि शेणखत चारही पट्ट्यांत सारखेच द्यावे. प्रत्येक पट्ट्याच्या मधून, कडेची ठोंबे वगळून, सारख्या संख्येची ठोंबे कापून हिरवे वजन लिहून ठेवावे. पहिल्या कापणीवर बेण्यातील साठ्याचा प्रभाव असतो, म्हणून निर्णय दुसऱ्या आणि तिसऱ्या कापणीच्या वजनावर घ्यावा. दुसरा पट्टा पहिल्यापेक्षा सरस आणि चौथा तिसऱ्याच्या बरोबरीने येत असेल तर पुढील वर्षी हीच पद्धत पूर्ण क्षेत्रावर न्यावी. फरक दिसला नाही तर प्रथम वरंब्यांवर पाणी थांबते का ते पाहावे, मग सामू पुन्हा तपासावा, मग शेणखताची पिशवी-परीक्षा करावी; संवर्धकाचे पाकीट बदलण्याचा विचार त्यानंतर करावा.